ओटीभर कापूस

सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नाताळचं गाणं म्हणत होत्या, आणि महिना मे होता.

बडनेऱ्यातली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी अमरावतीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नुकताच लागलो होतो. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक खोली रिकामी आहे असं कोणी सांगितलं, म्हणून डोक्याला दुपट्टा बांधून तिथं पोचलो. दार उघडं होतं. आत कूलर घरघरत होता आणि त्या घरघरीच्या वर एक बाई खणखणीत आवाजात गात होती:

आन वं बाई, आन वं बाई, ओटीभर कापूस आन,
गव्हाणीच्या लेकराखाली नुस्तं कडब्याचं पान.

पांढरी सुती साडी, छातीवर पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ, केस पार पिकलेले. जमिनीवर बसून त्या जुन्या उशीतला कापूस मोकळा करत होत्या. मला पाहून गाणं थांबवलं नाही. कडवं पूर्ण केलं आणि मग विचारलं, "कोन हाये?"

"खोली पाहाले आलो जी."

"गाता येते का?"

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हटलं, "मी पाटबंधाऱ्यात लागलो जी. गाव दर्यापूरकडचं."

"नोकरी नाई इचारली."

"आमी हिंदू होये जी. तुमाले चालत असन तर..."

"थेबी नाई इचारलं. गाता येते का?"

"नाई."

"पेटी उचलता येते?"

"येते."

"मंग राह्य."

असा मी सिस्टरांच्या घरी राहायला लागलो आणि सहा वर्षं राहिलो. त्यांना जाऊन आता तीन उन्हाळे झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं बडनेरा त्यांना सिस्टरच म्हणायचं, आणि नावानं कोणी हाक मारली तर त्या वळूनही पाहायच्या नाहीत.

अमरावतीच्या एका जुन्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात, त्यांनी सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. आई लवकर गेली होती. वडील मेळघाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. ह्या मास्तरांनी दर नाताळला एक याप्रमाणे वऱ्हाडी बोलीत गाणी रचली. ती कुठं छापली गेली नाहीत. निळ्या शाईत लिहिलेली एक जाड वही होती, तिच्यात चाळीस गाणी. ती वही आज चर्चमधल्या एका मुलीकडे आहे आणि तिच्यातलं प्रत्येक गाणं मास्तरांच्याच हातचं आहे.

सिस्टरांनी ही गाणी वॉर्डात नेली. बाई वेणांनी कळवळत असली की ह्या तिच्या उशाशी उभ्या राहून नाताळचं गाणं म्हणायच्या. मग बाहेर पोळा असो, मोहरम असो, की वैशाखातली लग्नसराई. दवाखान्यातल्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला हरकत घेतली म्हणे. "सिस्टर, जूनमध्ये कसला नाताळ?" तर ह्यांनी हात धुता धुता उत्तर दिलं, "मॅडम, लेकरू जलमलं म्हंजे नाताय." सिस्टर नाताळला नाताय म्हणायच्या. पुढे त्याच मॅडम राउंडला आल्या की विचारायच्या, "तीन नंबरच्या बाईला कोणतं गाणं चालू आहे?" कारण गाण्यावरून त्यांना कळायचं की बाळंतपण कुठवर आलं आहे.

सिस्टरांच्या लेखी प्रत्येक गाण्याला काम होतं. बाई थकली, कळ देईनाशी झाली की मेंढपाळांचं गाणं. "त्यात दम घ्याले जागाच नाई. मानूस आपोआप जोर लावते." बाळंतपण लांबलं, कळा येऊन जाऊन राहिल्या की तीन ज्ञानी माणसांचं गाणं, ज्याला त्या उंटाचं गाणं म्हणत. ते फार लांब आणि फार संथ होतं. "उंट काय पयते का? पन चालत राह्यला तं पोचते." आणि बाळ झालं, पुसून दुपट्यात गुंडाळलं, की कापसाचं. बाळाच्या कानावर पडणारी पहिली ओळ 'आन वं बाई' ही असायची.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गाणी राहत. बाजारात एखादी बाई दाढीमिशा आलेल्या पोराला पुढं करायची, "सिस्टर, हा तुमच्या हातचा." सिस्टर त्याचं मनगट धरायच्या. ही त्यांची सवय होती, कोणाशीही बोलताना नाडी मोजायची. मग विचारायच्या, "कोनत्या सालचा?" साल कळलं की लगेच, "हा उंटाचा. लय वाट पाह्यले लावली यानं."

डिसेंबर लागला की आमच्या घरी तालमी सुरू व्हायच्या. नऊ-दहा माणसं. त्यात रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डकाका होते, चर्चचा कारभार तेच पाहायचे. पहिल्या तालमीला सिस्टरांचा एक नेम होता. पेटीचा भाता उघडण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, "तुह्यं आवडतं कोनतं? आन काहून?" त्या 'काहून'ला 'छान वाटते म्हणून' हे उत्तर चालत नसे. असं कोणी म्हटलं की त्या त्याला उठवून चहा करायला पाठवायच्या. गार्डकाका म्हणाले होते, "मेंढपाळांचं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात मी एकटा बसेल राहो. कोठी शेतात मेंढरंवाल्यायची शेकोटी दिसली की वाटे, चला, कोनी तरी जागं हाये." सिस्टरांनी मान डोलावली आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

मला उत्तर द्यायला एक वर्ष लागलं. पहिल्या डिसेंबरात मी चहाच केला. दुसऱ्या डिसेंबरात म्हटलं, "उंटाचं."

"काहून?"

 मग सांगितलं, की माझे वडील तालुक्याला काम करायचे आणि एसटी चुकली की पायी यायचे. आम्ही पोरं आईजवळ बसून राहायचो. त्यांच्या चपलेचा आवाज लांबून यायचा, हळूहळू जवळ यायचा. उंटाच्या गाण्याची चाल ऐकली की मला तो चपलेचा आवाज येतो. वडील मी नोकरीला लागण्याआधीच गेले होते.

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "पाह्य, आता तू गान्यात आला. बस खाली."

लोक नाताळची गाणी रात्री फिरून म्हणतात. सिस्टरांना ते मंजूर नव्हतं. "लेकरू रात्री जलमलं असन, पन खबर तं सकायीच फिरते ना!" म्हणून आमची फेरी सकाळी सातला निघायची. मी सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून मागं चालायचो; घरासमोर थांबलो की सिस्टर उभ्यानंच ती वाजवायच्या. यार्डावर धुकं असायचं. मध्येच इंजिनाचा भोंगा वाजला की सिस्टर हात वर करायच्या, सगळे थांबायचे, आणि भोंगा संपला की ज्या अक्षरावर थांबले त्याच अक्षरावरून पुढं. क्वार्टरांतल्या बाया स्वेटर घालून दारात यायच्या. त्यातल्या अर्ध्याअधिक त्यांच्याच हातच्या बाळंतिणी. नाताळशी त्यांचा दुसरा काही संबंध नव्हता, पण गाणी पाठ होती.

एका वर्षी चर्चमधल्या पोरापोरींनी कीबोर्ड आणि मोठे स्पीकर आणले. सिस्टर कानावर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "हे नाताय नोहे, हे वरात होये." पोरं हिरमुसली. पण निघताना त्या कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलीपाशी थांबल्या, तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तुह्या हातात ताल हाये वं. माह्याकडं येत जाय." ती येऊ लागली. वही आज तिच्याकडेच आहे.

एक गाणं मात्र तालमीत नसायचं, फेरीत नसायचं, चर्चमध्येही नसायचं.

आमच्या शेजारी बांगड्यांच्या दुकानवाले एक चाचा राहायचे. त्यांच्या बेगमना आम्ही सगळे भाभी म्हणायचो. पंचवीस डिसेंबरला सकाळी, फेरीहून आम्ही परतलो की भाभी मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायच्या. सिस्टर त्यांच्यापुढं करंज्या नि शेव ठेवायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि हळू आवाजात एक गाणं म्हणायच्या. माझी खोली भिंतीला लागून होती. शब्द ऐकू यायचे:

झाक वं माय डोये त्याचे, झाक पदरानं,
दूरच्या गावाहून आला, थकला चालण्यानं.

पहिल्या वर्षी मला वाटलं, बाळाला निजवायचं गाणं आहे. तसं ते होतंच. मरिया आपल्या बाळाला निजवते आहे असंच मास्तरांनी लिहिलं होतं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी भाभींनीच मला सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, सहज बोलल्यासारखं बोलल्या. त्यांचं पहिलं मूल सिस्टरांच्या वॉर्डात झालं आणि ते रडलंच नाही. सिस्टरांनी त्याला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि हे गाणं पूर्ण म्हटलं. मगच आईच्या हातात दिलं.

"बेटा, मेरे बच्चे कू इस दुनिया में एकीच ने गाना सुनाया," भाभी म्हणाल्या. "वो भी उसके जाने के बाद."

नंतर त्यांना तीन मुलं झाली, सगळी कापसाच्या गाण्यावरची. पण त्या दर नाताळला यायच्या त्या ह्या पहिल्यासाठी.

सिस्टरांचे कान कधी जायला लागले हे नेमकं सांगता येणार नाही. दूध उतू जायचं, दार वाजलेलं कळायचं नाही. शेजारी बसून आपण बोललो तरी त्या ओठांकडे पाहायला लागल्या. मी काही म्हटलं तर चिडायच्या. "तुमी मानसं आता तोंडातल्या तोंडात बोलून राह्यले." रेडिओ इतका मोठा लावायच्या की भाभी भिंतीवर थाप मारायच्या, आणि ती थापही त्यांना ऐकू यायची नाही.

गाण्यात ते आधी मला कळलं. मला सुरातलं काही कळत नव्हतं, पण इतकी वर्षं दररोज जो आवाज ऐकला तो आता पेटीच्या बाजूनं चालत नाही, पेटीच्या खालून चालतो, एवढं लक्षात आलं. मी गप्प राहिलो. मंडळीही गप्प राहिली. सिस्टरांनी वरचा सूर सोडला की गार्डकाका मोठ्यानं गाऊन तो झाकून टाकायचे.

मग एका फेरीत ते झाकता आलं नाही. स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरसमोर मेंढपाळांचं गाणं झालं. सगळे थांबले. सिस्टरांचे डोळे मिटलेले होते. त्यांना वाटलं अजून एक कडवं आहे. त्या एकट्याच गात राहिल्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्याच बोटांखाली वाजणाऱ्या पेटीशी जुळत नव्हता. दारातली पोरं हसायला लागली. एका बाईनं मान खाली घातली. गार्डकाकांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा सिस्टरांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज बसला वाटते." पाणी प्यायल्या आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

त्याच दिवशी गार्डकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता त्यायले सांगा लागते. पेटी त्या पोरीकडं द्या म्हनाव. तू घरचा हायेस, तू सांग."

मी जवळजवळ वर्ष काढलं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं, आणि ओरडलो तर सिस्टरांच्या आधी गल्लीला ऐकू जाणार होतं. शेवटी नोव्हेंबरात, तालमी सुरू व्हायच्या आधी, मी एका कागदावर लिहिलं. सिस्टर अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"अक्षर तुह्यं हाये."

मी मान हलवली.

"कव्हापासून म्हाइत हाये तुले?"

मी दोन बोटं दाखवली.

"दोन मयने?"

"दोन वर्षं," मी ओठ मोठे करून म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मला कुठं पाहावं ते कळेना.

"दोन नाताय मी बेसुरी गायली, आन तू माह्या मांगं पेटी घेऊन चालत होता," त्या म्हणाल्या. "लोकं हासले त्याचं काई नाई. हासू दे. पन थे बाबाचे गाने होते. माह्या हातानं खराब झाले, आन तू होऊ देल्ले."

'मले वाईट वाटू नये म्हनून तू गप्प बसला,' असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला तेवढीही सवलत दिली नाही. संध्याकाळी त्याच तुरीच्या दाण्यांची उसळ केली आणि नेहमीसारखी वाटी माझ्या खोलीत आणून ठेवली. ती सकाळपर्यंत तशीच होती.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यांनी स्वतः पेटी उचलून त्या मुलीपुढं ठेवली, सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. त्यानंतर चर्चमध्ये त्यांनी तोंड उघडलं नाही. मंडळी गायला उभी राहिली की त्याही उभ्या राहायच्या, ओठ घट्ट मिटून.

भाभी मात्र त्या नाताळलाही मागच्या दारानं आल्या. सिस्टर हातानं नाही नाही म्हणत होत्या. भाभींनी दार लोटून घेतलं आणि समोर बसल्या. भिंतीपलीकडून मी ऐकलं. सूर कुठल्या कुठं गेला होता. नंतर भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सुर का क्या करना है मेरेकू?"

माझी अकोल्याला बदली झाली. लग्न झालं. जाताना सिस्टरांनी माझ्या बायकोला कापसाची एक नवी उशी दिली आणि मला काहीच दिलं नाही. तिला म्हणाल्या, "याले चहा चांगला जमते. करून घेत जाय."

पुढच्या वर्षी मी हट्टानं त्यांना अकोल्याला बोलावून घेतलं. कानाचे एक चांगले डॉक्टर होते. तपासण्या झाल्या, मशीन बसवलं. रिक्षातून घरी येताना त्या सारख्या दचकत होत्या. हॉर्न, लाऊडस्पीकर, गाडीवरच्या भाजीवाल्याची हाक. घरी आल्यावर बायकोनं पाण्याचा पेला ठेवला त्याचा आवाज ऐकून हसल्या. मला इतका आनंद झाला होता की मी लगेच फोन काढला. त्या मुलीनं चर्चमध्ये म्हटलेलं कापसाचं गाणं माझ्याकडे होतं. म्हटलं, "सिस्टर, आयका."

त्यांनी ऐकलं. पहिली ओळ, दुसरी. चेहरा हळूहळू असा झाला की जणू कोणी ओळखीचं माणूस दारात आलं आणि जवळून पाहिलं तर ते दुसरंच निघालं.

"हे काय वाजून राह्यलं?"

"कापसाचं सिस्टर. तुमचंच."

"हे पत्र्यावर गोटे पडून राह्यले."

डॉक्टर म्हणाले होते सवय व्हायला वेळ लागतो. मी ते समजावून सांगितलं. त्यांनी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

"माह्या कानात बाबाचा आवाज हाये अजून," त्या म्हणाल्या. "चोख हाये. पेटीसुद्धा आयकू येते मले. हे मशीन लावलं तं थो निंघून जाईन."

मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांना बसवून देईपर्यंत विनवत राहिलो. त्या खिडकीशी बसून माझ्या ओठांकडे पाहत होत्या आणि समजत असूनही समजत नसल्यासारखं करत होत्या. गाडी हलली तेव्हा खिडकीतून माझं मनगट धरून थोड्या अंतरापर्यंत नाडी मोजत राहिल्या. मग सोडलं.

त्या नाताळला सकाळी आठच्या सुमाराला माझा फोन वाजला. सिस्टरांचा नंबर. त्यांच्याकडे बटनांचा साधा फोन होता, तो त्या कधी वापरायच्या नाहीत, ऐकूच येत नाही तर वापरून काय करणार. मी घाबरलो. उचलला तर पलीकडून मोठ्या आवाजात:

"मी बोलून राह्यली. तू काई बोलू नको, मले आयकू येत नाई. तू निस्ता आयक."

आणि गायला लागल्या. उंटाचं गाणं. सगळी कडवी. मी अंगणात उभा राहून ऐकलं. आवाज थरथरत होता, सूर वाटेल तिथं जात होता, पण चाल तीच होती. वडील गेल्यानंतर इतक्या वर्षांनी मी तेव्हा रडलो. गाणं संपलं. "झालं. ठेवतो," म्हणाल्या. मी "सिस्टर, सिस्टर" म्हणत राहिलो. फोन बंद झाला होता.

दुसऱ्या वर्षीही तसंच. त्या वेळी मेंढपाळांचं. बायकोनं स्पीकर लावला, मुलगी वर्षाची होती, ती टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या वर्षी नाताळला जोडून सुट्ट्या आल्या. कचेरीतल्या मित्रांनी सेमाडोहला जायचं ठरवलं, आम्हीही गेलो. मेळघाटात फोन चालत नाही हे मला माहीत होतं. सिस्टरांचा फोन येईल हेही माहीत होतं. विसरलो असं म्हणता येणार नाही. एका वर्षानं काय होतंय, असं मनात आलं होतं, आणि मी गाडीत बसलो होतो.

जानेवारीत बडनेऱ्याला गेलो. एकटाच गेलो होतो, मुलीला ताप होता. सिस्टर वाळल्या होत्या. घड्याळ साडीवर होतं, पण साडी अंगावर टांगल्यासारखी. मला पाहून इतक्या खूश झाल्या की आत जाऊन करंज्या आणल्या, नाताळच्या, माझ्यासाठी डब्यात राखून ठेवलेल्या. समोर बसल्या.

"आयकलं ना?"

फोन लागला नव्हता हे सांगायला काय लागत होतं? नाही म्हणून एकदा मान हलवायची होती. पण त्यांनी फोन लावून वाट पाहिली असेल, गाऊन बसल्या असतील, आणि ते सगळं फुकट गेलं हे त्यांना आता कळेल, असं माझ्या मनात आलं. मी मान डोलावली. हो, ऐकलं.

"थे बाबाचं नोहोतं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाजलेल्या मुलीसारखा झाला होता. "माहं सोताचं होतं. जिंदगीत पयल्यांदा जोडलं. कोनाले म्हनून दाखोलं नाई, म्हटलं पयले तुले. कसं होतं?"

मी दोन्ही हात जोडून डोक्याला लावले. छान होतं, फार छान.

त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. कानानं गेलेली माणसं जशी पाहतात तशी.

"आवडतं कडवं कोनतं?"

 मी तीन बोटं वर केली. तिसरं.

सिस्टर माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." आणि करंज्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. "खाय."

मग आम्ही पोरीच्या तापाबद्दल बोललो. त्यांनी ताप किती, घाम येतो का, सगळं विचारलं. काय द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. 'काहून' मात्र विचारलं नाही.

निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. गल्लीत भाभी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, जवळ आल्या.

"उस दिन फोन नहीं लगा ना तुमकू?" त्यांनी हळू विचारलं. "मैं बाजू में खडी थी. वो औरत बोल रही थी ना फोन में, की नंबर नहीं लग रहा करके. मैंने हाथ से इशारा करी, सिस्टर, नहीं लगा. उन्ने मेरेकूच चुप बैठने का इशारा करा. पूरा गाया. फिर बोली, आयकलं त्यानं."

"भाभी, तुमी आयकलं का थे गानं?"

"हाँ. पर आवाज कांपता था, लफ्ज पूरे नहीं समझे. लिखा भी नहीं उन्ने. बोली, उसकू पसंद आया तो लिखूंगी."

"कडवे किती होते?"

भाभींनी आठवून पाहिलं. "दो," त्या म्हणाल्या. "छोटासाच था."

मी मागं वळलो. सिस्टर अजून दारात उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, जाय, गाडी चुकन, अशा अर्थानं. मीही हात हलवला आणि स्टेशनकडे चालू लागलो. अकोल्याची गाडी त्या दिवशी वेळेवर होती.